मॅडन खेळताय की नुसता बघताय?

एडिसनचा_अण्णा (धागाकर्ता)

परवा मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर ‘दोन_हजार_पाच’ या आयडीने एक पिंक टाकली: “मॅडन म्हणजे बटण दाबा आणि सिनेमा बघा. दर ऑगस्टला जर्सीवरची नावं बदलतात आणि सत्तर डॉलर मोजून घेतात. एकदा चेंडू हातात आला की आपल्या हातात काही उरत नाही.” तिथेच उत्तर लिहायला बसलो, ते एवढं लांबलं की वेगळा धागा काढतोय.

सत्तर डॉलरचं मान्य. मलाही टोचतात, म्हणून मी एक वर्षाआड घेतो. पण ‘हातात काही उरत नाही’ वाचून डोकं फिरलं. असं म्हणणारा माणूस स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू खेळात आल्यावर, खेळायला सुरुवात करतो. तोवर अर्धा डाव होऊन गेलेला असतो.

मागच्या शनिवारचा एकच डाव सांगतो. समोर भाचा. माझा तिसरा डाऊन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतला तिसरा, आणि अजून सात यार्ड हवे आहेत. त्याचे दोन्ही सेफ्टी (सगळ्यात मागचे रक्षक) मागे, एकमेकांपासून लांब, म्हणजे दिसायला झोन, जिथे जो तो आपापली जागा राखतो. मी टाइट एंडला (माझा चेंडू झेलणारा एक गडी) डावीकडून उजवीकडे चालवला, तर त्याच्या मागोमाग एक लाइनबॅकर (मधल्या फळीतला रक्षक) सरकत आला. झोन असता तर तो जागा सोडून एवढा आला नसता. म्हणजे पठ्ठ्या मॅन (माणसामागे माणूस) लावून बसलाय आणि आव झोनचा आणतोय! कंट्रोलरवरचा त्रिकोण दाबला, आतल्या बाजूला उभ्या रिसीव्हरचा (पास झेलणाऱ्याचा) सरळ पळायचा मार्ग मोडला आणि त्याला तिरका आत घेतला. प्ले क्लॉक (डाव सुरू करायची उलटी मोजणी) चारवर. भाचा शेजारून “मामा, टाका की आता” करतोय, कारण मला कळलंय हे त्याला कळलंय. स्नॅप. रिसीव्हरचं बटण दाबून धरलं. नुसती टिचकी मारली असती तर चेंडू लोंबकळत गेला असता आणि लाइनबॅकरने अलगद उचलला असता. अकरा यार्ड.

यात सिनेमा कुठे होता? चढाईला निघालेला खेळाडू मध्यरेषा ओलांडायच्या आधी कोपरारक्षकाचे पाय बघून घेतो, तसंच हे. १९८८ मध्ये ॲपल टूवर पहिली गेम आली, तेव्हा जॉन मॅडनने (ज्याच्या नावाची ही गेम, तो जुना कोच) हट्ट धरला होता की माणसं अकरा विरुद्ध अकराच हवीत. बनवणारे कमी माणसांत भागवू बघत होते, कारण त्या कॉम्प्युटरला तेवढं पेलत नव्हतं. बाकीचे दहा जण काय करतात यातच खेळ असतो, हे म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

दोन_हजार_पाच

माझ्या चार ओळींना एवढा निबंध! सत्कार झाल्यासारखं वाटलं. शाल-श्रीफळ कधी पाठवताय?

अण्णा, स्नॅपच्या आधीची तुमची बुद्धिबळं मला मान्य. मी बोलत होतो नंतरचं. रिसीव्हरने चेंडू घेतला, सेफ्टी दोन पावलांवर आहे, मी स्टिक डावीकडे मारली. आता तो डावीकडे वळला पाहिजे की नाही? पण दोघं एका टप्प्यात आले की गेम आतून एक ठरलेली पकड उचलते, आणि ती संपेपर्यंत मी प्रेक्षक. २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत ‘बूमटेक’ आणलं, म्हणे टक्कर आता वजन आणि वेगावर ठरणार. आधीची छत्तीस वर्षं कशावर ठरत होती, पंचांगावर?

आयडीचं कारण विचारलंच नाहीत, तरी सांगतो. ‘एनएफएल टूके५’, मॅडनला टक्कर देणारी गेम. २००४ च्या उन्हाळ्यात १९.९९ डॉलरला आली आणि मॅडनवाल्यांना आपली किंमत तीसेक डॉलरवर आणावी लागली. मग त्याच डिसेंबरात त्यांनी एनएफएल या व्यावसायिक लीगशी एकट्यापुरता करार करून टाकला. शर्यत संपली. मैदानात दुसरा संघच नसेल तर कोण कशाला घाम गाळेल? बफेलोत आम्ही चार मराठी, दोन तेलुगू, कुणीतरी टाकून दिलेला सोफा आणि एक प्लेस्टेशन टू. बाहेर कमरेएवढा बर्फ. त्या गेममध्ये पळणाऱ्याचं वजन अंगठ्याला कळायचं. वळवला की आधी पाय रोवायचा, मग वळायचा.

ठाणे_ते_टेक्सास

+१ दोघांनाही, आणि -१ दोघांनाही. २०२४ पासून मॅडनवाल्याच ईए कंपनीचं ‘कॉलेज फुटबॉल’ (कॉलेज संघांची गेम) परत आलंय, त्याबद्दल अवाक्षर नाही? २०१३ नंतर अकरा वर्षं बंद होतं. पोरांची हुबेहूब छबी वापरायची आणि त्यांना छदाम द्यायचा नाही यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी प्रत्येकाला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊन १३४ संघ घेऊन आले. परक्या मैदानावर खेळून बघा, अण्णा. तिसऱ्या डाऊनला गर्दी बोंबलायला लागली की पडदा थरथरतो, कोणत्या रिसीव्हरचं कोणतं बटण ते धड दिसत नाही आणि आखलेले मार्ग वाकडेतिकडे व्हायला लागतात. तुमच्या त्या त्रिकोणाचं काय होतं ते मग कळवा.

सातारी_तर्री

मुळात ज्यात पाय लावतात सामन्यात मोजक्याच वेळा, त्याला फुटबॉल का म्हणायचं? आणि वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मध्ये घड्याळ लावून मोजलं होतं: तीन तासांच्या सामन्यात चेंडू खेळात असतो साधारण ११ मिनिटं. बाकी उभे राहा, खलबतं करा, जाहिराती बघा. याच ईएने ‘क्रिकेट ०७’ नंतर कॉम्प्युटरसाठी क्रिकेटची गेम काढली नाही, यावर एक धागा काढा. हॉस्टेलची चार वर्षं त्या एका सीडीवर निघाली आमची.

एडिसनचा_अण्णा

@सातारी_तर्री, क्रिकेटच्या गेमसाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः पहिला प्रतिसाद देईन. पण तुमची ती ११ मिनिटं माझ्याच बाजूची आहेत. उरलेला वेळ सगळा डोक्याचा! टीव्हीवर तिथे जाहिराती लागतात, कन्सोलवर तिथे आपण खेळतो.

@दोन_हजार_पाच, सेफ्टी दोन पावलांवर आल्यावर स्टिक मारलीत तर उशीरच झाला. चार पावलांवर असताना मारा. आणि टीव्ही गेम मोडवर आहे का ते बघा. सीरियल बघायच्या सेटिंगवर चित्र गुळगुळीत करण्यात टीव्ही वेळ खातो, बटण दाबणं आणि पडद्यावर दिसणं यात अंतर पडतं. किकचा मीटर थांबवताना तर हमखास चुकतं.

भाचा_नंबर_वन

मामा, ती मॅच पूर्ण सांगा ना. तो अकरा यार्डांचा डाव खरा आहे. मॅच ४२-१७ हरलात तेही खरं आहे. 😄

एडिसनचा_अण्णा

हा खरंच माझा भाचा आहे. आणि हा चौथ्या, म्हणजे शेवटच्या डाऊनला कधीच पंट मारत नाही, म्हणजे लाथेने चेंडू लांब समोरच्याकडे देऊन टाकत नाही. स्वतःच्या गोलरेषेपासून वीस यार्डांवर, नऊ यार्ड हवेत, तरी हे महाराज खेळणार. याला फुटबॉल म्हणत नाहीत, जुगार म्हणतात. खऱ्या सामन्यात असा कोच संध्याकाळी घरी बसेल.

भाचा_नंबर_वन

खऱ्या सामन्यात क्वार्टर १५ मिनिटांचा असतो. आपण सहाचा लावतो, तोही घड्याळ पळवत. पंट मारून चेंडू तुम्हाला दिला तर मला तो परत कधी मिळणार, दिवाळीत? तुम्ही तर दर डावाआधी प्ले क्लॉक चारवर येईपर्यंत विचार करता.

ठाणे_ते_टेक्सास

पोराचं गणित बरोबर आहे. अण्णा, तुमची खलबतंच तुमची मॅच खातात. आर्कान्सातल्या लिटल रॉकमध्ये पुलास्की अकॅडमी म्हणून शाळा आहे, तिथल्या केव्हिन केली नावाच्या कोचने वर्षानुवर्षं पंट जवळजवळ मारलाच नाही आणि राज्याच्या अजिंक्यपदांची रांग लावली.

दोन_हजार_पाच

शाळेतली पोरं आणि एनएफएल यांची तुलना? धन्य. नोव्हेंबर २००९, कोल्ट्सविरुद्ध पेट्रियट्स सहा गुणांनी पुढे, स्वतःच्या २८ यार्डांवर चौथा डाऊन, दोन यार्ड हवेत. त्यांच्या कोचने, बेलिचिकसारख्या बेलिचिकने पंट मारला नाही. डाव अडला. कोल्ट्सने ३५-३४ ने मारलं. मी त्या रात्री जेवलो नाही.

आणि ऑनलाइन खेळणारी ही जी जमात आहे ना, पंट नाही, धाव नाही, सापडलेला एकच डाव चाळीसदा, तिच्यामुळेच मी ऑनलाइन खेळणं सोडलं. लाज वाटली पाहिजे.

भाचा_नंबर_वन

एकच डाव चाळीसदा चालतो म्हणजे समोरचा एकोणचाळीसदा झोपलेला असतो.

दोन_हजार_पाच

बाळा, तुझ्या जन्माआधीपासून कंट्रोलर हातात आहे माझ्या. जरा जपून.

ठाणे_ते_टेक्सास

वय काढलं की समजावं, मुद्दे संपले.

दोन_हजार_पाच

वय काढलं नाही, अनुभव काढला. फरक कळत नसेल तर १३४ संघांपैकी एखाद्या कॉलेजात नाव घाला.

मिशिगनची_माई

अरे, भांडू नका. मी खेळत नाही, पण आमच्या घरात गेली अकरा वर्षं हाच आवाज आहे, त्यामुळे चार शब्द बोलण्याचा अधिकार आहे.

आम्ही लायन्सवाले, डेट्रॉइटच्या संघाचे. जानेवारी २०२४, सॅन फ्रान्सिस्कोशी सामना, जिंकलो तर सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. मध्यंतराला २४-७ पुढे. घरात साबुदाण्याची खिचडी आणि नाचोज एकाच टेबलावर. मग आमच्या कोचने, डॅन कॅम्पबेलने, दोनदा फील्ड गोल (तीन गुणांची किक) सोडून चौथा डाऊन खेळला आणि दोन्ही वेळा चेंडू गेला. हरलो ३४-३१, फक्त तीन गुणांनी! ह्यांनी टीव्ही बंद केला. मुलगा मात्र उठला, गेम लावली, तेच दोन संघ घेतले आणि तेच दोन चौथे डाऊन पुन्हा खेळायला लागला. किक नाही मारली हं, खेळलाच. एकदा जमलं, एकदा नाही. मग म्हणाला, “आई, कॅम्पबेल चुकला नव्हता.” आणि झोपायला गेला. मला यातलं फार कळत नाही, पण त्या रात्री तो नुसता सिनेमा बघत नव्हता.

माझी तक्रार वेगळीच आहे. या स्पोर्ट्स गेम्समधली ती पैसे मोजून फोडायची खेळाडूंच्या पत्त्यांची पाकिटं! एका गेमपायी (कोणती ते सांगत नाही) चिरंजीवांनी माझ्या कार्डावर दोन महिन्यांत किराणा केला असता एवढे पैसे उडवले. वर तोंड करून सांगतो, “त्यात वाइड रिसीव्हर निघाला.” त्या रिसीव्हरला म्हणावं, ये आणि भांडी घास. यावर बोला की कुणीतरी, पंट काय घेऊन बसलात?

सातारी_तर्री

माई, कडक! कार्ड आधी गेममधून काढा आणि दर खरेदीला पासवर्ड मागेल असं करा, कन्सोलच्या सेटिंगमध्ये असतं. (‘क्रिकेट ०७’ मध्ये असली पाकिटं नव्हती, एवढं बोलून खाली बसतो.)

एडिसनचा_अण्णा

माईंचा चौथा डाऊन मान्य. पण तीन यार्डांसाठी खेळणं आणि स्वतःच्या वीसवर नऊ यार्डांसाठी खेळणं एक नव्हे. भाच्याने कॅम्पबेलच्या मागे लपू नये.

भाचा_नंबर_वन

४२-१७.

दोन_हजार_पाच

काल रात्री टीव्ही बघितला. ‘सिनेमा मोड’वर होता. हसायचं काम नाही. बायकोने लावला होता. (बरं, मीच लावला होता.) गेम मोड केला. चार पावलांवर स्टिक मारली, तर पाचातले तीन वेळा वळला. दोनदा तीच ती ठरलेली पकड. म्हणजे साठ टक्के अण्णा, चाळीस टक्के मी. टूके५ मध्ये पाचही वेळा वळला असता, आणि पन्नास डॉलर वाचले असते.

एडिसनचा_अण्णा

साठ टक्के पुरेत. शनिवारी या ऑनलाइन. क्वार्टर आठ मिनिटांचा.

दोन_हजार_पाच

येतो. पण भाच्याला शेजारी बसवू नका. आणि स्वतःच्या अर्ध्यात चौथ्या डाऊनला पंट मारायचा, हे आधी लिहून द्या.

भाचा_नंबर_वन

मामा, लिहून देऊ नका.