बोअरमध्ये पार्किंगचं पाणी सोडायचं का?
(बावधनमधल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

ए-३०१ (सेक्रेटरी): नमस्कार मंडळी. बोअर रिचार्जचं, म्हणजे पावसाचं पाणी बोअरमधून जमिनीखाली मुरवायच्या कामाचं, कोटेशन आलंय. त्यात गच्चीचे चारही पाइप आणि पार्किंगच्या पावसाळी गटाराची लाइन बोअरभोवतीच्या खड्ड्यात सोडायची असं आहे. पार्किंग धरलं तर पाणी जवळपास दुप्पट मिळतं आणि खर्च एका चरीचाच वाढतो. मृगाच्या आत काम उरकायचं तर या आठवड्यात होकार द्यावा लागेल. ज्यांना यातलं कळतं त्यांनी मत द्या.

सी-५०२: पार्किंगची लाइन काढून टाका. गच्चीचं पाणी बोअरला, पार्किंगचं पाणी मातीला. कारण नीट लिहितो.

आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसॉल्ट. वरचा मुरूम संपला की पाणी वाळूतून झिरपावं तसं झिरपत नाही, भेगांतून धावतं. गाळण जी काही व्हायची ती वरच्या माती-मुरमातच होते. बोअर म्हणजे तो थर ओलांडून थेट भेगांपर्यंत पाडलेलं भोक. त्यात पार्किंगचं पाणी सोडलं तर टपकलेलं ऑइल, गाड्या धुतलेला शाम्पू, ब्रेकची काळी पूड, कुत्र्यांची घाण, कुंड्यांवर मारलेलं औषध सगळं थेट खाली जाणार. वाळू-खडीचा फिल्टर गाळ अडवतो. पाण्यात विरघळलेला साबण किंवा कीटकनाशक अडवत नाही. आणि भेग काही आपल्या कंपाउंडपाशी थांबत नाही. शेजारच्यांची बोअर त्याच भेगेवर असू शकते. एकदा खाली गेलेलं ऑइल उपसून काढता येत नाही हो.

बी-४०२: काका, पटलं. पण मग एवढं पाणी रस्त्यावर सोडायचं?

सी-५०२: नाही. पार्किंगच्या उताराला बागेची जी पट्टी आहे ती आजूबाजूपेक्षा वीतभर खोल करा आणि कर्ब (कडेची सिमेंटची किनार) दोन-तीन ठिकाणी फोडून पाणी आत घ्या. मातीत शेणखत आणि जाडी वाळू मिसळा, कर्दळ आणि वाळा लावा. पाणी २४ तासांत जिरलं पाहिजे, म्हणजे डासांची भीती नाही. जास्तीचं पाणी पावसाळी गटारात. तेल आणि बरीचशी घाण वरच्या मातीतच अडकते, तिथले जिवाणू ती हळूहळू संपवतात. हे काम मातीच करू जाणे. दोन-तीन वर्षांनी वरची दोन इंच माती खरवडून बदलायची.

बी-१०४: आकडे देते, म्हणजे नुसत्या गच्चीवरून किती मिळतं ते कळेल. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. आपली गच्ची ४५० चौरस मीटर. पुण्याचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ३,१५,००० लिटर. उडालेलं, जिरलेलं, पहिलं सोडून दिलेलं वजा करून अडीच लाख तरी हाती लागतं. १०,००० लिटरचे २५ टँकर. पार्किंगच्या मोहात पडायची गरजच नाही.

आता कोटेशनमधल्या खऱ्या चुका. त्यात फर्स्ट फ्लश (गच्चीवरचं पहिलं घाण पाणी बाजूला काढायची सोय) म्हणून प्रत्येक पाइपला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावून खाली ३ फूट पाइप आणि एंड कॅप दाखवलीय. ११० मिमीच्या ३ फूट पाइपमध्ये जेमतेम ८ लिटर पाणी मावतं. गच्ची धुऊन निघायला निदान २ मिलिमीटर पाऊस सोडून द्यावा लागतो, म्हणजे ९०० लिटर, एका पाइपमागे २२५. त्या तुकड्याने काहीच होत नाही, कबुतरांची घाण सरळ बोअरमध्ये जाते.

त्याऐवजी असं करू. पाइप जमिनीखाली न नेता भिंतीला ७ फुटांवर टी काढून आडवा फिल्टरकडे वळवायचा, उतार देऊन. उभा पाइप तसाच खाली ठेवायचा आणि हात पोचेल अशा उंचीवर बॉल व्हॉल्व्ह लावायचा. व्हॉल्व्ह उघडा असेपर्यंत पाणी खाली निघून जातं. बंद केला की उभा तुकडा भरतो आणि पुढचं पाणी आडव्या पाइपने फिल्टरला जातं. पाइपमागे एकच व्हॉल्व्ह. मोसमातले पहिले दोन चांगले पाऊस पूर्ण सोडायचे. नंतर आठवडाभर उघडीप पडली तर पुढच्या पावसाची पहिली १५ मिनिटं. काचेच्या बाटलीत धरून बघायचं, तळाशी काळं बसत नसेल तरच बंद करायचा.

ए-६०३: व्हॉल्व्हपेक्षा आधी एक तपासा. बऱ्याच इमारतींत ड्राय बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी पावसाच्या पाइपला जोडलेलं असतं, कारण तो जवळ पडतो. तसं असेल तर आपण साबणाचं पाणी बोअरमध्ये भरणार.

तपासणी सोपी आहे. सलग दोन दिवस ऊन असताना सकाळी ८ ते १० मध्ये चारही पाइपांखालच्या चेंबरची झाकणं उघडायची. कोरड्या दिवशी पावसाच्या चेंबरमध्ये पाणी वाहत असेल तर ते पावसाचं नाही. फेस असेल, कडेला करडा बुळबुळीत थर असेल तर मशीनचंच. कोणत्या मजल्यावरून येतंय हे कळायला प्रत्येक ड्राय बाल्कनीच्या जाळीत खाण्याचा लाल रंग घातलेलं बादलीभर पाणी एकेक करून ओतायचं, खाली एकाने लक्ष ठेवायचं. सापडलं की ती लाइन ड्रेनेजच्या नहाणी ट्रॅपला फिरवायची. कुणाला दोष द्यायला नको, बिल्डरने दिलेली जोडणी असते ती बहुतेक वेळा.

आणि हे बोअरपुरतं नाही. ड्रेनेजचं पाणी शुद्धीकरण केंद्राच्या वाटेला लागतं. पावसाळी गटाराचं तसं नाही, ते नाल्यातून रामनदीत, तिथून मुळेत, मग मुळा-मुठा, भीमा आणि उजनी. उजनीचं पाणी सोलापूर पितं. गाडी धुताना पार्किंगच्या जाळीत गेलेला शाम्पू त्याच वाटेला लागतो. म्हणून गाडी ओल्या फडक्याने पुसा, धुवायचीच तर बागेच्या कडेला. रंगाचे ब्रश आणि डबे जाळीवर धुऊ देऊ नका. रंगारी नेमतानाच त्याला सांगा.

बी-१०४: बरोबर, ताई. फिल्टरचं पुढे. खड्डा खणून केसिंगला (बोअरमध्ये वरच्या भागात बसवलेल्या पाइपला) भोकं पाडायची म्हणतात ते नको. जाळी फाटली की वाळू आत, आणि मोटर जाम. त्यापेक्षा टाकी जमिनीवर बांधायची, २ बाय २ मीटर, तळ केसिंगच्या तोंडापेक्षा वर. ताशी ५० मिमीच्या सरीत गच्चीवरून ताशी २२,५०० लिटर येतं, त्यासाठी एवढं क्षेत्रफळ लागतंच. खालून ३० सेंमी ४० मिमीचे दगड, २० सेंमी २० मिमी खडी, १० सेंमी बारीक खडी, नायलॉन जाळी, वर ३० सेंमी जाडी धुतलेली वाळू. वाळू अर्ध्या ब्रासच्या आतच लागते. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) नको, तिची पूड खाली जाऊन भेगा बुजवते. खडीसुद्धा पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊनच टाकायची, नाहीतर तिची काळी भुकटी वाळूखाली लेपासारखी बसते. बोअरच्या तोंडाला झाकण आणि हवेला वाट म्हणून जाळी लावलेला छोटा पाइप.

ए-३०१ (सेक्रेटरी): मागची बंद पडलेली बोअर रिचार्जला वापरली तर? चालू बोअरला हात लावायला नको.

सी-५०२: ती बंद का पडली त्यावर आहे. भेगाच लागल्या नसतील तर जो खडक पाणी देत नाही तो घेतही नाही. चाचणी घ्या. आधी दोरीला वजन बांधून पाण्याची पातळी मोजा, मग १०,००० लिटर स्वच्छ पाणी हळूहळू सोडा आणि दर १० मिनिटांनी पातळी बघा. तोंडापर्यंत भरून तशीच राहिली तर नाद सोडा. भराभर खाली गेली तर उत्तम. हीच चाचणी चालू बोअरवरही हवी, मोटर बंद ठेवून. ताशी २२,५०० लिटर कुठलीही साधी बोअर घेईल असं धरू नका, म्हणून टाकीला वरून ओव्हरफ्लो हवाच. तो बागेतल्या शोषखड्ड्यात सोडा. आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून बोअर १० मीटर तरी लांब हवी. भेगाळ खडकात तेवढ्यानेही निर्धास्त होता येत नाही. सी विंगचं चेंबर गळतंय का ते आधी बघून घ्या.

बी-४०२: पाणी चांगलं आहे हे टीडीएस मीटरने कळेल ना? माझ्याकडे आहे.

ए-६०३: टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवतं. जंतू, ऑइल, कीटकनाशक त्याला दिसत नाही. १५० टीडीएसच्या पाण्यातही मैला असू शकतो. पावसाच्या पाण्यामुळे टीडीएस उतरेल आणि सगळ्यांना वाटेल पाणी सुधारलं. म्हणून आत्ता एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा लॅबमध्ये तपासा: ई-कोलाय (मैल्यातले जिवाणू), नायट्रेट, क्षार, गढूळपणा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही चालत नाही. नायट्रेट आणि ई-कोलाय दोन्ही वाढले तर पहिला संशय ड्रेनेजच्या गळतीवर घ्या. नमुना घेताना मोटर १५ मिनिटं चालवून मग लॅबच्या निर्जंतुक बाटलीत भरायचा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचा.

रिचार्ज केलेल्या बोअरचं पाणी फ्लश, बाग, धुण्यासाठीच. महापालिकेच्या लाइनला ते कुठेही जोडलेलं नको, मधे व्हॉल्व्ह असला तरी नको.

बी-१०४: गच्चीबद्दल एक. रिचार्ज सुरू झाल्यावर गच्ची फिनेल किंवा ॲसिडने धुवायची नाही. मे अखेर झाडून कोरडा कचरा गोळा करायचा, पाइपांच्या तोंडाला जाळ्या बसवायच्या. वॉटरप्रूफिंगचा नवा थर दिला तर त्या वर्षीचे पहिले चार-पाच पाऊस सोडून द्यायचे. वाळूचा वरचा एक इंच दर महिन्याला खरवडून धुवायचा, पाणी टाकीत साचायला लागलं तर त्याआधीच.

ए-३०१ (सेक्रेटरी): समजलं. कॉन्ट्रॅक्टरला कळवतो: पार्किंगची लाइन रद्द, फिल्टर जमिनीवर, चार बॉल व्हॉल्व्ह, ओव्हरफ्लो. होकार चाचणी झाल्यावरच. रविवारी सकाळी ८ वाजता चेंबर उघडू. प्रत्येक विंगमधून दोघं हवेत, आणि ड्राय बाल्कनीत बादली ओतायला घरात कुणीतरी असावं.

सी-५०२: मी येतो. दोरी आणि वजन माझ्याकडे आहे, पातळीही त्याच दिवशी मोजून घेऊ. शनिवारी रात्री १० नंतर बोअरची मोटर कुणी चालवू नका.

बी-४०२: लाल रंगाच्या चार बाटल्या मी आणते. त्या दिवशी १० वाजेपर्यंत कुणी मशीन लावू नका, नाहीतर कुठलं पाणी कुणाचं ते कळणार नाही.