मदत हवी आहे: रूट केलेल्या फोनवर कोणता कस्टम रॉम टाकू? अर्जंट

बागायतदार_तासगाव
नमस्कार मंडळी. फोन रूट केलेला आहे (म्हणजे आतल्या सिस्टिमचा पूर्ण ताबा घेतलेला), आता त्यावर कस्टम रॉम, म्हणजे कंपनीची सोडून दुसरी अँड्रॉइड सिस्टिम, टाकायचाय. नेटवर बघायला गेलं की ढिगानं नावं येतात, लिनिएज काय, सीआरड्रॉइड काय, इव्होल्यूशन काय, आणि प्रत्येक व्हिडिओवाला म्हणतो हाच बेस्ट. द्राक्षाची फळछाटणी झालीय, डाऊनी रोगाच्या फवारण्या चालू आहेत, मला एवढं बघत बसायला वेळ नाही. सगळ्यात हलका, बॅटरी टिकणारा आणि न अडकणारा रॉम कोणता तेवढं एका ओळीत सांगा, आज रात्रीच टाकून मोकळा होतो. पहिल्यांदाच करतोय.

कृष्णाकाठचा
मॉडेल?

रॉमवेडा
डोळे झाकून पिक्सेल एक्सपीरियन्स टाका भाऊ. मी नोट ५ प्रो वर वापरलाय, शाओमी कंपनीच्या मियूआय सिस्टिमपेक्षा कितीतरी भारी चालायचा, जाहिरात नाही काही नाही.

वाळव्याची_लेक
@रॉमवेडा तो प्रोजेक्ट २०२४ मधेच बंद झाला. जुन्या फाईली अजून टेलिग्रामवर फिरतात पण त्यांना नवीन सिक्युरिटी पॅच यायचे नाहीत. नवख्या माणसाला असलं काही देऊ नका.
दादा, आधी मॉडेल सांगा. रॉम हा प्रत्येक मॉडेलसाठी वेगळा बनवलेला असतो, शेजारच्या मॉडेलची फाईल जरी टाकली तरी फोन चालू होईलच याची खात्री नाही.

बागायतदार_तासगाव
रेडमी नोट ९ प्रो, ४ जीबीवाला. आता सांगा.

अजिंक्यतारा_सातारा
माझं ऐकाल तर ग्राफिनओएस. सुरक्षिततेच्या बाबतीत त्याच्या जवळपास कोणी नाही. मी गेल्या वर्षी घेतला तेव्हापासून दुसरीकडं बघितलेलं नाही, सगळ्यांनी हाच वापरावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठचा
अहो ग्राफिन फक्त गुगल पिक्सेलवर चालतो. ते रेडमी म्हणतायत.

अजिंक्यतारा_सातारा
माहितीय. म्हणूनच म्हणतो, रेडमी विकून जुना पिक्सेल घ्या.

कृष्णाकाठचा
@बागायतदार_तासगाव नोट ९ प्रो नावाचे एकापेक्षा जास्त फोन आहेत. कंपनीच्या सांकेतिक नावानं आपल्याकडं विकला गेलेला नोट ९ प्रो म्हणजे कर्टाना, प्रो मॅक्स म्हणजे एक्सकॅलिबर, आणि बाहेरच्या देशांतला नोट ९ प्रो म्हणजे जॉयूज. लिनिएजमधे या सगळ्यांना मिळून मियाटोल नावाची एकच फाईल चालते, पण कंपनीचा मूळ रॉम टाकायचा झाला तर मात्र नेमकं कोणता ते लागतं. फोन फास्टबूटमधे (लॅपटॉपवरून रॉम टाकायचा मोड) घ्या, लॅपटॉपला जोडा आणि फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट ही कमांड मारा, नाव येईल ते इथे टाका.
आणि दुसरं, रूट कोणी केला? कशानं केला? बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा भाग, अनलॉक आहे का?

बागायतदार_तासगाव
रूट मी नाही केला, फोन असाच घेतलाय. सेकंडहँड, मिरजेतल्या एका पोराकडनं. त्यात मॅजिस्क म्हणून एक ॲप आहे. बूटलोडर कसा बघायचा माहीत नाही. लय प्रश्न विचारताय राव, रॉमचं नाव सांगा की.

वाळव्याची_लेक
दादा रागावू नका, पण सेकंडहँड आहे हे पहिल्याच ओळीत हवं होतं, त्यानं सगळंच बदलतं.
फोन बंद करून चालू करा. अगदी सुरुवातीला लोगो येतो ना, तेव्हा स्क्रीनच्या वरच्या कडेला मधोमध एक बारीक उघडं कुलूप दिसतंय का बघा. दोन-तीन सेकंदच असतं, नजर तिथंच ठेवा. दिसलं तर बूटलोडर अनलॉक आहे.
आणि आता खरा प्रश्न. रॉम बदलायचाच कशाला? काय त्रास होतोय?

बागायतदार_तासगाव
कुलूप दिसतंय, उघडं. कर्टाना आलं.
त्रास एक आहे का. स्टोरेज भरलंय म्हणतंय, जाहिराती येतात, फोन गरम होतो. मुख्य म्हणजे यूपीआय उघडतच नाही, तुमचा फोन असुरक्षित आहे म्हणून बंद पडतं. औषध दुकानदाराला पैसे द्यायला प्रत्येक वेळी बायकोचा फोन मागायचा. बँकेचं ॲप पण तसंच. म्हणून म्हटलं रॉमच बदलून टाकू. आणि एक कॉल रेकॉर्डिंग पाहिजे, आत्ताचं रेकॉर्डिंग सुरू केलं की समोरच्याला बाई सांगते कॉल रेकॉर्ड होतोय म्हणून. व्यापारी फोनवर एक दर बोलतो आणि गाडी भरायच्या वेळी चार रुपये पाडतो.

मिरजेचा_माणूस
हे व्यापाऱ्याचं सगळीकडंच आहे. माल काढणीला आला की मुद्दाम एक दिवस उशीर करतात, मग शेतकरी घाबरतो आणि देतो त्या दरात. मागं आमच्या पाहुण्यांची अख्खी बाग अशी गेली, पैसे पण बुडाले.

हळदबाजार
रेकॉर्डिंगनं काही होत नाही ओ, कुठं वाजवणार ते. इसार घ्या आणि ठरलेला दर, तारीख, किती किलो हे त्याच्याच व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, समोरून "ओके" येईपर्यंत दुसऱ्याला नाही म्हणू नका. आम्ही हळदीत असंच करतो. दर लेखी असला की माणूस वाकडा जायच्या आधी विचार करतो.

मिरजेचा_माणूस
हळदीचं वेगळं. हळद घरात ठेवता येते, दर नाही पटला तर थांबा. द्राक्ष थांबतंय व्हय?

कृष्णाकाठचा
मंडळी, फोन.
दादा, तुमचं यूपीआय बंद आहे ते रूटमुळं आणि उघड्या बूटलोडरमुळं. पैशाची ॲप गुगलच्या प्ले इंटिग्रिटीला विचारतात की हा फोन आहे तसा आहे की कुणी आत हात घातलाय, आणि शिवाय स्वतःही रूट शोधतात. कस्टम रॉम टाकला तरी बूटलोडर उघडाच राहणार. म्हणजे ज्या कारणासाठी तुम्ही रॉम बदलताय तेच कारण जाग्यावर राहणार.

रॉमवेडा
हे अर्धवट सांगताय. मॅजिस्कमधे (रूट सांभाळणारं ॲप) झायगिस्क ही सोय चालू करायची, डिनायलिस्टमधे, म्हणजे ज्यांच्यापासून रूट लपवायचा त्या ॲपच्या यादीत, बँक टाकायची, वर इंटिग्रिटीची तपासणी पार करणारं मॉड्यूल. माझं सगळं चालतंय, यूपीआय, दोन बँका, सगळं. लोक उगाच घाबरवतात. रूट असेल तरच फोन आपला, नाहीतर कंपनी म्हणेल तसं नाचायचं. आणि बीसीआर म्हणून मॉड्यूल आहे, त्यानं गुपचूप कॉल रेकॉर्डिंग होतं, तेही रूट असेल तरच. म्हणजे दादांना जे पाहिजे ते रूटनेच मिळणार.

वाळव्याची_लेक
तुमचं चालतंय कारण तुम्ही रोज ग्रुपवर बसून असता. त्या मॉड्यूलमधल्या, फोन खरा आहे असं दाखवणाऱ्या किल्ल्या गुगल अधूनमधून रद्द करतं, मग नवीन शोधा, परत टाका, परत ॲपचा डेटा पुसा. द्राक्षाचा हंगाम चालू असताना मजुरांचा पगार द्यायच्या दिवशी यूपीआय बंद पडलं तर दादा टेलिग्रामवर फाईल शोधत बसणार का? ज्याच्या फोनमधे बँक आहे आणि ज्याच्याकडं दुसरा फोन नाही त्याला हा सल्ला देऊ नये, माझं तरी ठाम मत आहे.

रॉमवेडा
मग कंपनीचा रॉम टाकून काय मिळणार? नोट ९ प्रो २०२० चा, अँड्रॉइड १२ वरच थांबला, मियूआय १४ शेवटचा. नवे पॅच येत नाहीत. त्यावर बँक चालवणं सुरक्षित आणि लिनिएजचं ताजं पॅचवालं बिल्ड असुरक्षित? हे कुठलं लॉजिक?

वाळव्याची_लेक
हा मुद्दा बरोबर आहे आणि मला स्वतःलाही तो खटकतो. लिनिएज विनारूट ठेवला तर सिक्युरिटी पॅच मिळतात, फोन हलका होतो, काही बँका चालतातही. पण कुठली चालेल आणि उद्या चालेल का हे आपल्या हातात नसतं. दादांनी मुख्य त्रास यूपीआयचा म्हटलाय म्हणून मी स्टॉक (कंपनीचा मूळ रॉम) आणि बूटलोडर लॉक म्हणतेय. दुसरा फोन हाताशी असता तर मीच म्हटलं असतं लिनिएज टाका, नवख्यासाठी तोच बरा, कारण त्यांच्या साईटवर मॉडेलनुसार पायरी पायरीनं लिहिलेलं असतं आणि अपडेट फोनमधूनच येतं.

कासपठार
लिनिएजवर जिओचं कॉलिंग चालतं का तेवढं बघून घ्या. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, व्होल्टी (फोरजीवरून कॉल) नाही चाललं तर नुसतं नेट, फोन लागायचा नाही. आमच्या गावाकडं तर तशीही रेंज टेकडीवर गेल्याशिवाय नाही. कोणाला बीएसएनएल फोरजीचा अनुभव आहे का? पाटणला कसं आहे?

मिरजेचा_माणूस
पाटणचं माहीत नाही, मिरजेत ठीक आहे.

बागायतदार_तासगाव
मियाटोलवर व्होल्टी चालतं का मग?

कृष्णाकाठचा
माझ्याकडं तोच फोन आहे, लिनिएजवर जिओ व्होल्टी व्यवस्थित चालतं. पण तुमचं काय ठरलं? यूपीआय का रॉम?

बागायतदार_तासगाव
यूपीआय. यूपीआय पहिलं. बाकी कसंबी चालेल. मग मॅजिस्क ॲप डिलीट केलं की झालं ना?

कृष्णाकाठचा
नाही. नुसतं ॲप काढलं तर रूट बूट इमेजमधे (फोन सुरू करणारी फाईल) तसाच राहतो. कंपनीचा पूर्ण फास्टबूट रॉम टाकला की तो आपोआप जातो. पण थांबा, आज रात्री नको. आधी हे करा.
ज्याच्याकडनं फोन घेतला त्याचा शाओमीचा "मी" (Mi) अकाऊंट आणि गुगल अकाऊंट अजून फोनमधे आहे का ते सेटिंगमधे बघा. असेल तर त्याला समोर बसवून साईनआउट करून घ्या. नाहीतर सगळं पुसून फोन चालू झाला की तो त्याचाच पासवर्ड मागणार आणि तो पोरगा फोन उचलायचा बंद झाला तर तुम्ही अडकलात. रॉम चुकला तर परत टाकता येतो, हे नाही सुटत.

हळदबाजार
आणि फोन चोरीचा नाही ना तेही बघा. स्टार हॅश झिरो सिक्स हॅश डायल करून आयएमईआय घ्या, केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर १४४२२ ला मेसेज करा. सरकारी आहे.

बागायतदार_तासगाव
मेसेज केला, चालू आहे म्हणून आला, ब्लॅकलिस्ट वगैरे काही नाही. मी अकाऊंट मात्र त्याचंच आहे! हे कोणी सांगितलंच नसतं. उद्या बाजाराला मिरजेला जायचंच आहे, त्याला गाठतो.

वाळव्याची_लेक
छान. आता पुढचं नीट वाचा. बागेचे फोटो, व्हॉट्सॲप बॅकअप, कॉन्टॅक्ट सगळं लॅपटॉपवर किंवा पेनड्राईव्हवर काढा, फोनच्याच मेमरीत ठेवू नका, तीच पुसली जाणार आहे. टीडब्ल्यूआरपी (कंपनीची नसलेली रिकव्हरी) असेल तर त्यातून परसिस्ट आणि ईएफएस या आतल्या भागांचा बॅकअपही बाहेर काढून ठेवा, आयएमईआय आणि सेन्सर गंडले तर तोच कामाला येतो.
रॉमची फाईल घेताना नावात कर्टाना आणि त्याच्या पुढं इन आहे का बघा. इन म्हणजे भारतातला. रॉम टाकायच्या शाओमीच्या "मी फ्लॅश" टूलमधे खाली तीन पर्याय असतात आणि "क्लीन ऑल अँड लॉक" हा आधीच निवडलेला असतो. तुमचा फोन भारतातला, रॉम भारतातला, तर तोच ठेवा. पण दुसऱ्या देशाचा रॉम असताना लॉक झालं तर फोन चालू होताना या फोनवर हे चालणार नाही असं सांगून अडकतो. आणि कस्टम रॉम असताना बूटलोडर लॉक करायचा नाही, कधीच नाही.

मिरजेचा_माणूस
थ्री पॉइंट ओ वाला निळा यूएसबी पोर्ट टाळा, कधी कधी फास्टबूटला त्रास देतो. जुना काळा पोर्ट बरा. केबल पण चांगली घ्या. आणि लाईटचा भरवसा नाही तर लॅपटॉपची बॅटरी फुल करूनच बसा, फ्लॅश चालू असताना डेस्कटॉप बंद पडला की झालं कल्याण.

रॉमवेडा
लॉक करायच्या आधी एकदा विचार करा हं. परत कधी अनलॉक करावं वाटलं तर स्वतःचा मी अकाऊंट जोडून साधारण आठवडाभर थांबावं लागतं, १६८ तास, आणि परत सगळा डेटा जातो. आत्ता फुकट मिळालेला अनलॉक घालवताय.

कृष्णाकाठचा
तेही खरंय. पण त्यांना नकोच आहे ना तो.

बागायतदार_तासगाव
झालं. पोराला घरी जाऊन गाठलं, समोर साईनआउट करून घेतलं. काल रात्री थ्री फेजचा टाईम होता म्हणून लाईट होती, लॅपटॉप चार्ज करून टाकला. पहिल्यांदा चालू व्हायला बराच वेळ लोगोवरच होता, मला वाटलं गेला फोन, पण झाला. वरचं ते कुलूप आता येत नाही. यूपीआय सुरू, बँक सुरू, सकाळी औषधवाल्याला पैसे पाठवले. जाहिराती आहेत अजून, पण फोन गरम होत नाही. वाळव्याच्या ताई, कृष्णाकाठचे दादा, मनापासून आभार, तुम्ही दोघांनी धरून ठेवलं म्हणून झालं.
व्यापाऱ्याचं हळदबाजार म्हणाले तसं व्हॉट्सॲपवर दर लिहून पाठवलाय. अजून ओके आलेलं नाही, निळ्या खुणा मात्र आल्यात.

वाळव्याची_लेक
मस्त! जाहिरातींसाठी सेटिंगमधे जाऊन एमएसए नावाच्या ॲपची परवानगी काढा, आणि सिक्युरिटी, थीम, ब्राउझर या प्रत्येकात जाऊन रेकमेंडेशन बंद करा. बऱ्याच कमी होतात.

हळदबाजार
ओके नाही आलं तर इसाराशिवाय कात्री लावू देऊ नका.

कासपठार
माझा विवो आहे, त्यावर लिनिएज टाकता येईल का? आणि पाटणच्या रेंजचं कोणी सांगितलं नाही अजून.

कृष्णाकाठचा
विवो बूटलोडर अनलॉक करायची अधिकृत सोय देत नाही, तो नाद सोडा. पाटणला माझा मेहुणा आहे, त्याला विचारून सांगतो.