मदत हवी आहे: दारातला अलार्म माझ्यामुळेच का वाजतो?

महिन्याभरात तीन वेगवेगळ्या दुकानांत, काहीही न घेता बाहेर पडतानासुद्धा, दारातला अलार्म वाजला. सगळे वळून बघतात, गार्ड पिशवी उपसतो. फार अपमान वाटतो हो.

काल घरी एकेक वस्तू चाचपली. नव्या पाकिटाच्या अस्तराआड बोटाला कडक पट्टी लागली. हलवली की आतली पातळ पत्री खुळखुळते. चोरी पकडायला दुकानवाले मालात लपवतात ती अशी पट्टी दारातल्या यंत्राच्या ५८ किलोहर्ट्झच्या लहरींना कंप पावते, म्हणून अलार्म वाजतो; आणि बिलाच्या काउंटरवर तिचं चुंबकत्व घालवलं नाही तर ती चालूच राहते, एवढं कळलंय.

शिवण उसवून ती कुणी काढली आहे का? बिल हरवलंय, तरी दुकानवाले बंद करून देतात का? आणि बुटांच्या तळव्यातही असते का? कृपया सांगा.