शब्दचर्चा: शीतरक्ती, ऊन खाणे आणि अधिवास

कातळफूल: कोकणातल्या एका कासव महोत्सवासाठी माहितीफलक लिहितेय आणि दोन शब्दांपाशी गाडी अडली आहे. पहिला 'शीतरक्ती'. मसुदा वाचून पाचवीतल्या भाच्याने विचारलं, "म्हणजे हात लावला की बर्फासारखं लागतं?" दुसरा 'अधिवास', म्हणजे प्राण्याची राहायची जागा. आईला तो फक्त तहसील कचेरीतल्या दाखल्यावरून माहीत. 'शीतरक्ती'साठी 'असमतापी' हा पारिभाषिक शब्द ठाऊक आहे, पण उन्हात उभं राहून तो कोण वाचणार?

बांधावरचा: भाच्याची शंका रास्त आहे. भर दुपारी गडग्यावर बसलेल्या सरड्याचं रक्त तुमच्या-आमच्याइतकं गरम असू शकतं. आपण भाकरी खाऊन ऊब करतो, तो ती बाहेरून घेतो, एवढाच फरक. बोलीत याला तयार शब्द आहे: ऊन खाणे. आणि तो खरोखर आहारच! शरीर गरम ठेवायला अन्न जाळावं लागत नाही, म्हणून साप एका उंदरावर कितीतरी दिवस काढतो.

जुना मास्तर: सहमत. मराठीत उन्हाची क्रियापदं बघा. माणूस ऊन खातो, गाद्यांना ऊन दाखवतात, आणि अती झालं की ऊन लागतं. सरड्याचा सगळा दिवस 'खाणे' आणि 'लागणे' यांच्या मधल्या पट्ट्यात जातो. सकाळी दगडावर, बारा वाजता झुडपात, उन्हं कलली की परत दगडावर. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' असं आपण हिणवून म्हणतो. पण त्याला ऊन, सावली आणि लपायला फट असं सगळं कुंपणातच मिळत असेल, तर पुढे धावायचं कशाला?

सडेकरी: अधिवासाबद्दल मी बोलतो, रत्नागिरीच्या सड्यावरचा, म्हणजे कातळी पठारावरचा आहे. एप्रिलात कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. तिथलाच सुटा धोंडा उचला (काठीने, हाताने नको, खाली फुरसं असतं), तर खालची माती गार लागते. वीतभर अंतरात दोन ऋतू. आमच्याकडे या धोंड्यांखाली राहणारी एक छोटी पट्टेवाली पाल आहे. तिचा अधिवास रत्नागिरी जिल्हा नव्हे, तो धोंडा. बागेसाठी सडा सपाट केला, धोंडे उचलले, की नकाशात सडा तिथेच असतो आणि पाल बेघर होते. हवा तापत चालली तर त्या गार फटीची किंमत आणखी वाढणार. सातबारावर मात्र अशा जमिनीला 'पोटखराबा', म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणतात. चर्चा खरं तर या शब्दावर व्हायला हवी. अधिवासाला मी 'थारा' म्हणेन.

बांधावरचा: 'थारा' झकास. अवांतर: साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या रंगीत गळ्याच्या सरड्याला 2016 साली नवी जात म्हणून शास्त्रीय नाव मिळालं, तेव्हा प्रजातीचं (genus, म्हणजे जातीच्या वरच्या गटाचं) नाव थेट मराठी 'सरडा'वरून घेतलं. आपण संस्कृतात शब्द शोधतोय आणि शास्त्रज्ञ आपल्या अंगणातून उचलतायत.

कातळफूल: 'ऊन खाणे' आणि 'थारा' दोन्ही घेतले. आता कासवाचं. 'कासव अंडी उबवतं' हे चालेल?

जुना मास्तर: नाही. कोंबडी उबवते. संतवाङ्मयात कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते. कल्पना सुंदर, पण आपल्या किनाऱ्यावर येणारी ऑलिव्ह रिडले जातीची कासवी घरटं वाळूने झाकून समुद्रात निघून जाते, मागे वळून बघत नाही. उबवते ती वाळू. वाक्याचा कर्ता वाळू ठेवा.

सडेकरी: आणि वाळू नुसती उबवत नाही, मुलगा की मुलगी तेही ठरवते. साधारण 29–30 अंशांच्या वर वाळू गेली तर माद्या जास्त, खाली राहिली तर नर जास्त. मगरीत मधल्या तापमानाला नर आणि दोन्ही टोकांना माद्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावी 2002 पासून अंडी कुंपणातल्या हॅचरीत हलवतात, कोल्हे-कुत्र्यांपासून वाचवायला. पण हलवताना खड्डा मूळ घरट्याइतकाच खोल घ्यावा लागतो, कारण वरची वाळू जास्त तापते. उन्हाळे असेच वाढत गेले तर माद्याच माद्या निघतील ही भीती आहे.

कातळफूल: मग असं लिहू? "कासवी अंडी घालून समुद्रात परत जाते. पुढचे दीड-दोन महिने ती उबवते वाळू. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, कमी तापली तर नर जास्त."

जुना मास्तर: 'ती उबवते वाळू' म्हणजे कासवी वाळू उबवते असं वाचलं जाईल. 'अंडी वाळूच उबवते' करा.

सडेकरी: फलक केवढा आहे आणि कुठे लावताय?

कातळफूल: सहा बाय चार, पत्र्याचा. हॅचरीच्या कुंपणालाच.

सडेकरी: दोन हात लांब लावा. त्याची सावली घरट्यांवर पडेल.