घरातला सूर कोणाचा होता? लिहा

जुनी शुक्रवारी
दसऱ्याआधीची झाडझूड सुरू आहे. माळ्यावरून बाबांची पेटी खाली घेत होतो. वरचा हूक निघाला, भाता उघडला, मिटला, आणि एक सूर वाजला. एकच, फाटका आणि लांब. हात थरथरले. पेटी खाली ठेवून तिथंच फरशीवर बसलो.

बाबा आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या डाकसेवेत, सॉर्टर होते. नागपूरहून गाडी सुटली की रात्रभर डाकेच्या डब्यात उभं राहून पत्रं खणाखणांत टाकायची. परत यायचे तेव्हा डोळे लाल आणि बोटांना लाखेचा वास. ड्यूटीला निघायच्या आधी मात्र दहा मिनिटं पेटी ठरलेली. देवासमोर हात जोडून उभे राहिलेले मला ते आठवत नाहीत. गुरुवारी गल्लीतल्या दत्ताच्या देवळात भजनाला पेटी धरायचे, तेवढंच. प्रेमाचं, रागाचं, काळजीचं तोंडाने कधी बोलले नाहीत. आई सांगायची, आज कोणतं भजन काढलं त्यावरून ओळखायचं.

मी पेटी नववीपर्यंत शिकलो. मग दहावीची ट्यूशन. वर्षभर थांबू म्हटलं, त्याला ३५ वर्षं झाली. बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या भजनाला पेटी धरायला घरात कोणी नव्हतं, बाहेरून माणूस बोलवावा लागला. ते अजून मनातून जात नाही.

तुमच्या घरी कोण गायचं, कोण वाजवायचं? लिहा. जसं सुचेल तसं.

खंजिरीवाला नातू
आमच्या आबाजींची खंजिरी. तुकडोजी महाराजांना त्यांनी मोझरीला समोर बसून ऐकलं होतं. महाराज १९६८ ला गेले, पण आमच्या घरी संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आबाजी असेपर्यंत चुकली नाही. पावसाळ्यात कातडं ढिलं पडे. मग आजी भाकरी टाकत असताना आबाजी चुलीजवळ बसून खंजिरी शेकत. अधूनमधून टिचकी मारून बघायचे. आजी म्हणे, भाकरी करपली तर चालते, तुमची खंजिरी करपायला नको.
शेतावर दिवसभर राबलेला माणूस रात्री खंजिरी घेतली की वीस वर्षांचा दिसे. बाकी नंतर लिहितो, गेटवर गॅसवाला आला आहे.

इंदोरा
आमच्याकडे पेटी नव्हती, खंजिरी नव्हती. जातं होतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला माझी आजी दीक्षाभूमीवर होती, काखेत माझे बाबा, सहा महिन्यांचे. पांढरं लुगडं शेजारणीकडून मागून नेसली होती. त्याआधी जात्यावर विठ्ठलाच्या ओव्या म्हणायची. घरी आली आणि त्याच चालीवर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायला लागली. चाल तीच ठेवली. कोणी शिकवलं नाही, कोणी लिहून दिलं नाही.
विश्वास बदलला म्हणजे काय झालं ते मला पुस्तकातून नाही, त्या चालीतून समजलं. दळण गिरणीत जायला लागलं तेव्हा ओव्या बंद पडल्या. आता मिक्सर लावला की माझी आई नकळत तीच चाल गुणगुणते. मी मुद्दाम तिच्या बाजूला जाऊन उभी राहते.

सांबारवडी
इंदोराताई, वाचून डोळे भरले.
भजनाचं म्हणाल तर आम्ही पोरं प्रसादासाठी जायचो. आरती संपेपर्यंत जीव शिऱ्याच्या पातेल्यात. तुमच्याकडे काय असायचं?

जुनी शुक्रवारी
चणे आणि खोबरं. दत्तजयंतीला सांबारवडी.

सांबारवडी
मग माझं नाव बरोबर जागी आलं! पुण्याच्या सुनेला अजून सांगावं लागते की इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पहिल्या वेळेस बिचारी डाळ शिजवायला बसली होती.

रात्रपाळी
मी नर्स आहे, ब्रेकमध्ये लिहून राहिली. माय दर गुरुवारी ताजबागच्या दर्ग्याला न्यायची. आम्ही घरी गणपती बसवणारे, पण धाकटा भाऊ वाचला तो ताजुद्दीन बाबांमुळे, असं मायचं म्हणणं. बाबा १९२५ ला गेले. त्यांना सक्करदऱ्याच्या वाड्यात रघुजीराजे भोसल्यांनी ठेवून घेतलं होतं, ही गोष्ट माय दर वेळी रिक्षात सांगे. कव्वाली सुरू झाली की ती डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटे. मला शब्द समजत नव्हते, मायचा चेहरा समजे.
२०२१ च्या एप्रिलमध्ये वॉर्डात एक आजोबा म्हणाले, बाई, काहीतरी म्हण. मला भजन येत नव्हतं. मास्कच्या आतून मायची अंगाई म्हटली. पहाटे ते गेले. त्यानंतर दोन वर्षं मी देवाला हात जोडले नाहीत. आता जोडते. का ते विचारू नका, सांगता येणार नाही.

खंजिरीवाला नातू
ताई, तुम्ही म्हटलं ते आजोबांपर्यंत पोचलं. एवढं नक्की.

पेटीमास्तर
शुक्रवारीवाले भाऊ, थोडं कामाचं बोलतो. पट्टी न दाबता सूर वाजला म्हणजे त्या पट्टीची स्प्रिंग थकली आहे नाहीतर खालचं चामडं कसरीने खाल्लं आहे. दोन्ही दुरुस्त होतं. सूर फाटका येत असेल तर आतल्या पितळी जिभेत, जी थरथरून सूर देते तिच्यात, कचरा अडकला असेल. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून अलगद सरकवा, सुईने खरवडू नका, सूर बिघडतो. पेटी उन्हात तर अजिबात ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात डिंक सुटून लाकूड फाकते, मी असल्या किती पेट्या पाहिल्या. आणि एक बघा. जी पट्टी जास्त वाजते तिची स्प्रिंग बहुतेक आधी थकते. कोणती आहे?

गोकुळपेठ
पस्तीस वर्षं फार नाहीत हो. आपल्या नागपुरात वाढलेले गायक वसंतराव देशपांडे, सप्रे गुरुजींकडे शिकलेले, त्यांनीही लष्कराच्या हिशेबखात्यात कित्येक वर्षं नोकरी केलीच ना. मी स्वतः बँकेतून निवृत्त झाल्यावर तबला धरला. बोटं ऐकत नाहीत, पण सकाळ बरी जाते.

इंदोरा
मास्तर, तुम्ही कुठे बसता? भाच्याची पेटी दाखवायची आहे.

पेटीमास्तर
इतवारीत. निरोप पाठवला बघा.

जुनी शुक्रवारी
मास्तर, काळी एक आहे. बाबा काळी एकमध्येच गायचे.

काल रात्री कागद सरकवून कचरा काढला आणि हळूच सारेगम वाजवून पाहिलं. आई आतून आली. म्हटलं, आवाज होऊन राहिला का? तर म्हणाली, तू पाचवीत असताना भर दुपारी असाच भाता हाणायचा. बाबा रात्रभर गाडीत उभे राहून आलेले, पलीकडच्या खोलीत पडलेले असत. मी तुला थांबवायला निघाले की माझा हात धरायचे. म्हणायचे, राहू दे, मी जागाच आहे.

मला हे माहीतच नव्हतं. मला वाटे ते झोपलेले असतात.