मदत हवी आहे : कथा वाचून परखड सांगणारा मार्गदर्शक कसा शोधू?

वऱ्हाडवाट :
यवतमाळला राहते. सात-आठ कथा तयार आहेत, प्रत्येकी अडीच-तीन हजार शब्दांच्या. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद वऱ्हाडीत. मैत्रिणी वाचतात, 'मस्त' म्हणतात, पुढे काही नाही. एका ठिकाणी मार्गदर्शनाची फी विचारली तर पुस्तक छापून देण्यासकट पॅकेज सांगितलं. अनोळखी लेखकाला किंवा संपादकाला थेट कथा पाठवली तर चालते का? माणूस योग्य आहे हे ओळखायचं कसं?

कच्चा_खर्डा :
पॅकेज नकोच. छपाईचे पैसे घेणाऱ्याला 'कथा अजून पिकलेली नाही' हे सांगणं परवडत नाही. मार्गदर्शन आणि छपाई वेगवेगळ्या हातांत असू द्या.

मोठ्या नावामागे न लागता बारकाईने वाचणारा माणूस शोधा. मराठीत हे काम बरंचसं संपादकांनीच केलंय. 'सत्यकथा' मासिक १९८२ साली बंद पडेपर्यंत श्री. पु. भागवत, राम पटवर्धन हे त्याचे संपादक नव्या लेखकांना कथेत काय खटकतंय ते पत्राने कळवत. असे संपादक आजही आहेत, फक्त विखुरलेले. गेल्या दोन वर्षांचे दिवाळी अंक काढा आणि कुठल्या अंकात अनोळखी नावांच्या कथा नेमाने येतात ते बघा. तिथला संपादक नवं वाचतो, एवढं नक्की.

वेळ सांभाळा. छापण्यासाठी कथा द्यायची तर मे-जून. नुसता अभिप्राय हवा असेल तर डिसेंबर ते मार्च, कारण पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत या मंडळींना मान वर करायला फुरसत नसते.

आधी आठ-दहा ओळींचं पत्र. त्यांचं काय वाचलंत, त्यातलं काय भावलं हे नेमकं लिहा आणि कथा पाठवू का, असं विचारा. होकार आला की एकच कथा, तीही सगळ्यात चांगली. युनिकोड, १२चा टाइप, दीड ओळीचं अंतर, पानांना क्रमांक. सोबत पीडीएफ जोडा, जुन्या फॉन्टमधली फाइल समोर उघडली की नुसती चिन्हं दिसतात. 'कशी वाटली?' विचारलंत तर 'छान' येणार. त्याऐवजी : कुठल्या पानावर लक्ष उडालं? कोणतं पात्र पटलं नाही? शेवटाचा अंदाज कुठे आला? सहा आठवडे थांबा, एकदा आठवण करा, मग पुढचं नाव.

खरी परीक्षा पहिल्या उत्तरात होते. समजा तुम्ही लिहिलंय : 'तिला फार वाईट वाटलं. तिने ताट बाजूला सारलं.' चांगला वाचक पहिल्या वाक्यावर खूण करून म्हणेल, ताट सारण्यात हे आलंय, हे वाक्य कशाला? दोन्ही वाक्यं खोडून स्वतःचं तिसरं लिहून देणारा माणूस तुमची कथा स्वतःची करतोय. 'भाषा ओघवती आहे' एवढ्यावर थांबणाऱ्याने बहुधा कथा चाळलेली असते.

पैसे घेण्यात गैर काही नाही. किती कथा, किती खर्डे, लेखी टिपणं की फोनवर, हे आधी ठरवा.

बोलीप्रेमी :
वऱ्हाडी संवादांसाठी एक भर. 'तू कुठी जाऊन रायली?' चं 'तू कुठे चालली आहेस?' करून देणारा माणूस तुमच्या कामाचा नाही, मग तो कितीही मोठा असो. पण एकच पात्र एका पानावर 'रायली' आणि दुसऱ्यावर 'राहिली' म्हणत असेल आणि त्याने ते दाखवलं, तर ऐका. नागपूरच्या विदर्भ साहित्य संघाच्या कार्यक्रमांना जा, त्यांचं 'युगवाणी' हे नियतकालिक वाचा. बोलीचा कान असलेली माणसं तिथे भेटतील.

वऱ्हाडवाट :
फार उपयोग झाला. तिशीच्या आतल्यांसाठी सरकारी योजना आहे म्हणतात, ती कथेला चालेल?

कच्चा_खर्डा :
पीएम-युवा म्हणत असाल. ती नॅशनल बुक ट्रस्ट राबवतं, २०२१मध्ये सुरू झाली. निवड झाल्यास सहा महिने मार्गदर्शन आणि दरमहा ५०,००० रुपये. मात्र विषय तेच ठरवतात आणि प्रस्ताव ललितेतर, म्हणजे कथा-कादंबरी-कविता नसलेल्या पुस्तकाचा लागतो, त्यामुळे कथासंग्रहाला उपयोग नाही. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. हस्तलिखित तिथे तज्ज्ञ वाचतात, म्हणून आधी दोन-तीन कथा कुणाकडून तरी तपासून घ्या आणि मगच अर्ज करा.