नामवंत निवेदक की निवेदन करणारे नामवंत?

शब्दखोडी: एका खासगी एफएम वाहिनीच्या पत्रकाचा मराठी अनुवाद करतोय. मुळात 'सेलिब्रिटी होस्ट' आहे. मी 'नामवंत निवेदक' केलं. ज्यांनी काम दिलं त्या ताई म्हणतात, याचा अर्थ निवेदनातच नाव कमावलेला असा होतो. इथे तर जन्मभर क्रिकेट खेळलेला गडी पहिल्यांदा माइकसमोर बसतोय. मुद्दा पटला, पण पर्याय सुचत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय.

जुना_रामदासपेठी: काहीही करा, 'यजमान' करू नका. आमच्या घरात यजमान म्हणजे आजीचे 'हे', नाहीतर सत्यनारायणाला सोवळं नेसून बसलेला. बहुतेक वेळा दोन्ही एकच.

तर्रीबाज: भाऊ, आमच्याकडे कोनी निवेदक म्हनते काय? 'थो रेडिओवाला' म्हनतेत. नट असो का क्रिकेटवाला, रेडिओवर बोलला का झाला रेडिओवाला. लिहून टाका.

नैमित्तिक: आकाशवाणीत बरीच वर्षं नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलं, म्हणून सांगते. 'उद्घोषक' हे पद आहे. आवाजाची चाचणी देऊन मिळतं. त्याला वेळ सांगावी लागते, पुढचा कार्यक्रम जाहीर करावा लागतो, तबकडी अडकली तर सांभाळून घ्यावं लागतं. 'निवेदक' त्या एका कार्यक्रमापुरता. तेव्हा पाहुण्याला निवेदक म्हणा, पण उद्घोषक म्हणाल तर मी भांडेन. एका प्रसिद्ध नटाला आम्ही संहिता दिली होती. वाचन झकास, पण प्रत्येक पान फर्रकन उलटायचा. पान उलटायचं नसतं, हलकेच बाजूला सरकवायचं असतं. 'प' आणि 'फ' आले की माइकवर सरळ फुंकर. तोंड जरा तिरकं ठेवा म्हटलं तर राग आला. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्याला एकाच माणसाच्या कानाशी बोलायचं म्हणजे शिक्षाच वाटते.

जुना_रामदासपेठी: ताई, सगळे तसे नसतात. अन्नू कपूरचा 'सुहाना सफर' ऐका. नट आहे, पण जुन्या गाण्यांचे किस्से सांगतो तेव्हा पडदा आठवत नाही. उलटी वाटही आहेच. सुनील दत्त आधी रेडिओ सिलोनवर नटनट्यांच्या मुलाखती घ्यायचे, मग स्वतःच नट झाले.

नैमित्तिक: दत्तसाहेब आधी रेडिओचे होते, मग पडद्याचे. माझंच म्हणणं झालं हे.

धातुसाधित: मूळ प्रश्नाकडे येतो. 'निवेदन' हा नि + विद्, म्हणजे 'कळवणे', यातून आलेला शब्द. 'नैवेद्य' त्याच घरातला. देवापुढे ठेवतात तो नैवेद्य, श्रोत्यांपुढे ठेवतात ते निवेदन. शब्द स्वच्छ, गोड आणि आपला आहे. 'आरजे' वगैरे बाद करावं.

तर्रीबाज: नागपुरात निवेदन म्हंजे मोर्चावाले मंत्र्याले देतेत थे. डिसेंबरात अधिवेशन आलं का टी पॉइंटवर पाहा, जो थो निवेदन घेऊन उभा. नैवेद्य कोनाच्या हातात दिसला नाही बाप्पा.

धातुसाधित: एका शब्दाला दोन अर्थ असतात, त्यात शब्दाचा काय दोष? सावरकरांचे 'दिग्दर्शक' आणि 'महापौर' लोकांनी घेतलेच ना?

नैमित्तिक: घेतले, पण 'रेडिओ' सोडला नाही. आमच्या नागपूर केंद्राचं नाव आकाशवाणी, केंद्र सुरू झालं १९४८ साली, आणि आमच्या शेजारच्या काकू अजून विचारतात, "रेडिओत जाऊन आलीस का गं?"

कॉपी_एडिटर: 'पाहुणे निवेदक' करा. विविध भारतीच्या 'विशेष जयमाला'त फौजी भाऊंसाठी गाणी घेऊन सिनेमातली माणसं यायची, ती पाहुणीच. एका दिवसापुरती येऊन जायची, म्हणून ऐकायला बरं वाटायचं.

शब्दखोडी: पण यांचा कार्यक्रम रोज आहे. रोज येणारा पाहुणा कसला?

तर्रीबाज: थो घरजावई.

धातुसाधित: 'ख्यातनाम सादरकर्ता'?

कॉपी_एडिटर: तीच अडचण पुन्हा. विशेषण नामाला चिकटलं की ख्याती सादरीकरणाचीच वाटते. फोडून लिहा: 'निवेदन करणार आहेत माजी क्रिकेटपटू अमुक'. नाव आणि धंदा सांगितला की 'नामवंत' हवंच कशाला? अमीन सायानी १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' करत होते, त्यांच्या नावामागे कुणी सेलिब्रिटी लावत नव्हतं.

जुना_रामदासपेठी: एक राहूनच जातंय. विद्या बालनही रेडिओवर कार्यक्रम करून गेली. ती निवेदक की निवेदिका?

नैमित्तिक: निवेदक. 'उद्घोषिका' ऐकून कान किटलेत माझे.

धातुसाधित: व्याकरणाने निवेदिकाच. गायिका चालते, लेखिका चालते, मग हीच का नको?

नैमित्तिक: कारण 'उद्घोषिका' म्हटलं की पुढच्या वाक्यात लोक 'मंजुळ आवाजाची' लिहितात. पुरुषाच्या आवाजाला कुणी मंजुळ म्हणत नाही.

शब्दखोडी: मंडळी, उद्या संध्याकाळ...

तर्रीबाज: मले एक सांगा. पार्टीच्या पार्ट्या होतेत, कॉपीच्या कॉप्या होतेत, मंग सेलिब्रिटीच्या सेलिब्रिट्या काऊन नाही?

धातुसाधित: कारण तो 'तो सेलिब्रिटी' आहे. पुल्लिंगी ईकारान्त नाम, हत्तीसारखं. एक हत्ती, दहा हत्ती.

जुना_रामदासपेठी: आमच्याकडे 'ती सेलिब्रिटी आली होती' असंच म्हणतात, बाप्या असला तरी. 'व्यक्ती'सारखं.

कॉपी_एडिटर: मग 'व्यक्ती'चं अनेकवचन? आमच्या कार्यालयात निम्मे 'दहा व्यक्ती' लिहितात, निम्मे 'व्यक्त्या'. यावर वेगळा धागा काढा.